सहा अंशांचा वेग

बर्फाच्या कारखान्यातली रात्रपाळी सुटली
की घरी येऊन मी शर्यतीत उतरायचो.
हर्णैला, जाळ्यांच्या खोलीत,
भंगारातल्या ओम्नीची सीट, जुन्या बाजारातलं स्टिअरिंग,
समोर टीव्ही, आणि टीव्हीत परदेशातला ओला रस्ता.
ताशी दोनशे चाळीस.
आणि सीट तसूभर हलत नसे.
डोळे वळणावर, कंबर घरात.
भिंतीवर रंगवलेला घोडा, दुसरं काय.

खेडला हमदुल्यांकडे दोन मोटारी मिळाल्या,
एसटीच्या वायपरच्या.
"पंधरा पावसाळे पुसलेत यांनी," इम्तियाज म्हणाला,
"तुझी एक खुर्ची त्यांना जड नाही."
सीटखाली मधोमध टेम्पोच्या शाफ्टचा क्रॉस,
मागे डावी-उजवीकडे एकेक मोटार,
आणि कुरियरने आलेला तळहाताएवढा बोर्ड.
त्याच्या वायरी मी तीनदा उलट जोडल्या.
ब्रेक दाबला की खुर्ची मला मागे रेलवायची,
जणू गाडी थांबायच्या ऐवजी उडायला निघाली.

यातली लबाडी सांगतो.
खुर्ची पुढे जात नाही. जाणार कुठे, पुढे भिंत आहे.
ती मागे कलते, फक्त सहा अंश,
आणि पाठीला वाटतं, सुटलो.
पृथ्वीची ओढ उसनी घ्यायची
आणि वेग म्हणून खपवायची.

आई दारातून बघत होती, पाटी न उतरवता.
"किती गेले?"
"चार हजार," मी म्हणालो. अकरा गेले होते.
पदर खोचून ती सीटवर बसली,
हात गुडघ्यांवर.
"मी कुठे चालवते? मी टेम्पोत मागे बसते. तू चालव."
मग मी जमिनीवर, स्टिअरिंग मांडीत घेऊन,
आणि चांगुणा पावसे, वय अठ्ठावन्न,
ओल्या परदेशी रस्त्यावर.

अर्ध्या फेरीत म्हणाली, "खोटं आहे."
"तुझा ब्रेक आधी डोक्याला लागतो.
खरा ब्रेक आधी पोटाला लागतो,
मग पाटीतलं पाणी पुढे येतं,
मग शेजारणीचा कोपर."
बावीस वर्षं हर्णै ते दापोली, मध्ये आसूदची घाटी.
तिच्याशी कोण वाद घालणार?

तिने घमेलं आणलं, अर्धं पाणी, वर दोन बांगडे,
आणि स्वतःच्या जागी ठेवलं.
"हे पुढे आलं पाहिजे. सांडलं नाही पाहिजे."
आठवडाभर मी आलेख बघितला नाही,
घमेल्याची कड बघितली.
शंभराचे साठ केले, साठाचे पंचेचाळीस.
एकदा नट निसटला आणि बांगडे थेट टीव्हीवर.
ती भिंतीला धरून हसली:
"आसूदला सुलीचा अख्खा हलवा असाच रस्त्यावर गेला होता.
मोजून अकरा."

परत येणं मात्र जमेना.
कललेली खुर्ची सरळ व्हायला हवी,
नाहीतर पुढच्या वळणाला जागाच उरत नाही.
पण इतकी सावकाश
की बसलेल्याला पत्ता लागू नये.
हे मी तिला समजावत होतो, हात कलवून, मोठ्या उत्साहात.
"मग त्यात काय," ती म्हणाली,
"मी रोज तशीच येते घरी.
तुला कळतं का कधी?"

मी स्क्रू पिळत राहिलो.
तो आधीच घट्ट होता.

आता बाजार आटोपला की ती एक फेरी मारते,
डोळे मिटून. परदेश तिने अजून पाहिलेला नाही.
काल तिसऱ्या वळणावर लाईट गेली.
वायपरच्या मोटारी जिथे थांबतात तिथेच धरून ठेवतात:
ती डावीकडे कललेली, अंधारात.
मी टॉर्च शोधायला उठलो.

"राहू दे," ती म्हणाली, "बस जरा.
परतीच्या या वळणावर
समुद्र दिसतो."